सिंथचा आवाज दर वेळी ठोक्याच्या मागे पडतो तेव्हा

तक्रार अशी असते. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बेसचे सूर ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या उभ्या रेषांवर, अगदी नेमके ठेवलेले असतात. मिडीतून, म्हणजे वाद्याला कोणता सूर वाजवायचा ते सांगणाऱ्या संदेशांतून, ते टेबलावरच्या खऱ्या सिंथकडे (सिंथेसायझरकडे) जातात, सिंथ वाजतो, त्याचा आवाज ऑडिओ इंटरफेसमधून (आवाज कॉम्प्युटरच्या आत-बाहेर नेणाऱ्या डब्यातून) परत येऊन ट्रॅकवर रेकॉर्ड होतो. ऐकायला बसलं की बेस ढोलकीच्या मागून येतोय. थोडाच, चूक म्हणून बोट ठेवता येणार नाही इतका थोडा, पण गाणं बसत नाही. मग आपण क्लिप, म्हणजे रेकॉर्ड झालेला तो तुकडा, जराशी डावीकडे सरकवतो आणि जमल्यासारखं वाटतं. पुढच्या गाण्यात पुन्हा तेच.

मी डोंबिवलीत घरच्या एका खोलीत काम करतो. भक्तिगीतं, जिंगल, एकांकिकांचं पार्श्वसंगीत असं सगळं. दोन वर्षं मी हे क्लिप सरकवणंच करत होतो. एका देवीच्या गाण्याच्या वेळी ढोलकी वाजवायला आलेल्या काकांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "अरे, मी समेवर पोचतो तेव्हा तुझा बेस अजून वाटेत असतो." केरव्याचा साधा ठेका, लय १००. या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा हिस्सा १५० मिलिसेकंदांचा. माझा बेस त्या दिवशी जवळजवळ २३ मिलिसेकंद मागे होता. ढोलकीची घुमारेदार बाजू आणि बेस एकाच क्षणी पडायला हवेत, तिथे एवढी फट पडली की दोन्हींचा जोर जातो. आवाज वाढवून तो परत येत नाही.

त्या दिवसानंतर मी कानाने सरकवणं सोडलं आणि मोजायला लागलो. दर वेळच्या या दुखण्यावर उपाय मोजण्याचाच आहे. खालची सगळी खटपट एका दुपारी होते आणि त्यानंतर महिनोनमहिने तिकडे बघावं लागत नाही.

मोजण्याआधी: आवाज दुहेरी नाही ना?

हे आधी बघायचं, कारण आवाज दोनदा वाजत असेल तर मोजमाप खोटं येतं.

सिंथची पट्टी दाबली की सूर दोन वाटांनी निघू शकतो. एक वाट सिंथच्या आतली: पट्ट्यांकडून थेट स्वतःच्या आवाजयंत्रणेकडे. दुसरी बाहेरची: यूएसबीतून कॉम्प्युटरकडे, तिथून ट्रॅकमार्गे परत त्याच सिंथकडे. दोन्ही चालू असल्या तर एका दाबाला दोन सूर वाजतात, मध्ये काही मिलिसेकंदांचं अंतर. ऐकायला आवाज नाकातून आल्यासारखा, पोकळ होतो. सॅम्पलवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर, चालणाऱ्या सिंथमध्ये हा पोकळपणा फार ठळक असतो, कारण तोच आवाज स्वतःवरच थोड्या उशिराने पडतो. अंतर ५ मिलिसेकंद असेल तर १००, ३००, ५०० हर्ट्झ या जागा एकमेकांना खाऊन टाकतात, आणि बेसचा जीव तर १०० हर्ट्झच्या आसपासच असतो. शिवाय १६ सूर एकदम वाजवू शकणारा सिंथ ८ सुरांतच दमतो, लांबवलेले सूर मध्येच तुटतात. लोकांना वाटतं सिंथ बिघडला.

यावर उपाय म्हणजे सिंथचं लोकल कंट्रोल बंद करणं. मेन्यूत ते मिडी किंवा ग्लोबल या पानावर सापडतं. मग पट्ट्या फक्त कॉम्प्युटरशी बोलतात आणि आवाजयंत्रणा फक्त कॉम्प्युटरचं ऐकते.

हे दुखणं उलटतं ते अशामुळे, की काही सिंथ बंद करून चालू केले की लोकल आपोआप पुन्हा चालू होतं. काल बंद केलं होतं म्हणून आज आपण बघतच नाही. मी माझ्या कोऱ्या टेम्प्लेटच्या पहिल्याच मात्रेवर कंट्रोल चेंज (सूर नव्हे, सेटिंग बदलणारा मिडी संदेश) क्रमांक १२२, किंमत ० असा संदेश ठेवून दिलाय. तो म्हणजे लोकल बंद. किंमत १२७ म्हणजे चालू. प्ले दाबलं की सिंथ आपोआप ताळ्यावर येतो. तुमचा सिंथ हा संदेश ऐकतो का, ते मॅन्युअलच्या शेवटी असलेल्या मिडी इम्प्लिमेंटेशन चार्टमध्ये दिलेलं असतं. तो तक्ता कुणी वाचत नाही, पण अख्ख्या मॅन्युअलमधलं सर्वांत कामाचं पान तेच.

दुहेरी आवाजाची आणखी दोन कारणं मला वारंवार भेटली. एक म्हणजे यूएसबी आणि जुनी पाच पिनांची मिडी केबल, दोन्ही लावून ठेवणं. ट्रॅकचं इनपुट "ऑल" वर असेल तर प्रत्येक सूर दोन दारांनी आत येतो. ओळखायचं कसं? पियानो रोलमध्ये (सूर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात त्या खिडकीत) एक सूर माउसने बाजूला सरकवा. खाली तसाच दुसरा सापडला तर हेच कारण. ट्रॅकला एकच पोर्ट नेमून द्या. दुसरं, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (कॉम्प्युटरला वगळून आवाज थेट ऐकवणारं बटण) चालू आणि सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचं मॉनिटरही चालू. यात सूर एकच वाजतो, पण आपल्याला तो दोनदा ऐकू येतो. दोन्हींपैकी एक बंद ठेवायचं. कोणतं, ते पुढे सांगतो.

पहिलं माप: इंटरफेस खरं बोलतोय का

आवाज कॉम्प्युटरमधून बाहेर जायला आणि आत यायला वेळ लागतो. तो मुख्यतः बफरवर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती सॅम्पल (आवाजाचे सूक्ष्म नमुने) साठवून हाताळतो त्यावर, ठरतो. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) २५६ चा बफर म्हणजे एका दिशेला सुमारे ५.३ मिलिसेकंद, ५१२ चा १०.७, १०२४ चा २१.३. त्यावर कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाचा) आणि ड्रायव्हरच्या (इंटरफेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) राखीव जागेचा थोडा वेळ. सॉफ्टवेअर हा उशीर ड्रायव्हरला विचारतं आणि रेकॉर्ड झालेली क्लिप तेवढी डावीकडे ओढून ग्रिडवर ठेवतं. सगळा भरवसा ड्रायव्हरच्या उत्तरावर. ड्रायव्हरने आकडा कमी सांगितला, तर तेवढा फरक तुमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कायमचा राहतो, मग सिंथ असो, हार्मोनियम असो की गायकाचा आवाज.

तपासायला एक साधी केबल पुरते. इंटरफेसच्या लाइन आउटमधून त्याच इंटरफेसच्या लाइन इनमध्ये ती लावा. सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर टोकदार ठोक्यांचा ऑडिओ ठेवा; मेट्रोनोमचा टिक किंवा रिमशॉट चालेल. दुसऱ्या ट्रॅकवर तोच ठोका परत रेकॉर्ड करा. एक काळजी मात्र घ्या: ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड करताय त्याचं मॉनिटर आधी बंद करा, नाहीतर आवाज गोल फिरत राहतो आणि स्पीकर किंचाळतात. हेडफोन कानावरून काढूनच पहिला प्रयत्न करा. ४८ व्होल्टचं फँटम बटणही (माइकला वीज पुरवणारं) बंद असू द्या.

आता दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून एक ठोका इतका मोठा करून बघा की सॅम्पल मोजता येतील. दोन्ही चढणी एकाच जागी असतील तर इंटरफेस खरं बोलतोय. माझ्याकडे ६८ सॅम्पल उशीर निघाला. ४८,००० च्या दराला सॅम्पलना ४८ ने भागलं की मिलिसेकंद मिळतात, म्हणजे १.४. हा काही फार मोठा गुन्हेगार नव्हता, पण तो आधी वजा केला नाही तर पुढचं माप चुकतं.

हा आकडा भरायची जागा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. एबलटन लाइव्हमध्ये ऑडिओ सेटिंगमधलं ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशन, लॉजिकमध्ये ऑडिओच्या सेटिंगमधलं रेकॉर्डिंग डिले, रीपरमध्ये ऑडिओखालच्या रेकॉर्डिंग पानावरचे मॅन्युअल ऑफसेट. चिन्ह अधिक की उणे याचा गोंधळ सगळ्यांचाच होतो, त्यामुळे डोकं लावत बसू नका. आकडा भरा, पुन्हा रेकॉर्ड करा. फट मिटायच्या ऐवजी दुप्पट झाली तर चिन्ह उलटं करा.

दुसरं माप: सिंथला किती वेळ लागतो

हा वेळ सॉफ्टवेअरला कधीच कळत नाही. मिडीचा संदेश केबलमधून जाणं, सिंथच्या प्रोसेसरने तो वाचणं, सूर तयार होणं, यात काही मिलिसेकंद जातात आणि ते कुठलाही ड्रायव्हर सांगत नाही. लेटन्सी कॉम्पेन्सेशन (सॉफ्टवेअरने केलेली उशिराची भरपाई) चालू असूनही सिंथ मागे का, या प्रश्नाचं उत्तर हेच.

मापासाठी सिंथवर मुद्दाम रुक्ष आवाज लावा. स्क्वेअर किंवा सॉ वेव्ह, अटॅक (आवाज भरायला लागणारा वेळ) शून्य, फिल्टर उघडा. रिव्हर्ब, कोरस, डिले, अर्पेजिएटर (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणारा), ग्लाइड, युनिसन सगळं बंद. सूर वरचा घ्या, मिडी क्रमांक ८४ च्या आसपासचा. खर्जात मोजू नका. ५५ हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तनच १८ मिलिसेकंदांचं असतं, आणि अॅनालॉग सिंथचा ऑसिलेटर प्रत्येक सुराला नव्याने सुरू न होता मधूनच कुठून तरी उचलतो. त्यामुळे खर्जात "सूर नक्की कुठे सुरू झाला" हेच दर वेळी वेगळं दिसतं, आणि सिंथ डळमळतोय असा उगाच ग्रह होतो. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी याच चुकीपायी एक संध्याकाळ घालवली. ८४ क्रमांकाच्या सुराचं आवर्तन एका मिलिसेकंदाच्या आत पुरं होतं, तिथे चूक लपत नाही.

१६ सूर मात्रेमात्रेवर, सगळे सारख्याच जोराने, क्वांटाइज केलेले, म्हणजे ग्रिडवर नेमके बसवलेले. रेकॉर्ड करा. प्रत्येकाचं ग्रिडपासूनचं अंतर मोजून कागदावर लिहा. हो, सोळाच्या सोळा. एकाच ठोक्यावरून निष्कर्ष काढला तर तो हमखास चुकतो. माझ्या सिंथचा सर्वांत लवकर आलेला ठोका ३८४ सॅम्पलवर होता, सर्वांत उशिराचा ४४६ वर, बहुतेक सगळे ४१३ च्या आसपास. म्हणजे नेहमीचा उशीर साधारण ८.६ मिलिसेकंद, आणि सगळ्या ठोक्यांमधला विखुरलेपणा १.३.

हे दोन आकडे वेगळे ठेवा, कारण त्यांची औषधं वेगळी आहेत. ठरावीक उशीर आकडा भरून शंभर टक्के जातो. विखुरलेपणा आकडा भरून जात नाही.

ठरावीक उशिरासाठी लाइव्हमध्ये एक्स्टर्नल इन्स्ट्रुमेंट हे डिव्हाइस लावून त्यातल्या हार्डवेअर लेटन्सीत ८.६ लिहा. क्युबेसमध्ये ऑडिओ कनेक्शन्सच्या खिडकीत एक्स्टर्नल इन्स्ट्रुमेंटच्या ओळीत डिलेचा रकाना असतो. रीपरमध्ये मिडी ट्रॅकचा प्लेबॅक ऑफसेट उणे करा, लॉजिकमध्ये ट्रॅकचा किंवा रीजनचा डिले उणे करा. यातल्या काही जागी सूर आधी पाठवला जातो आणि काही जागी बाकी सगळं थांबवलं जातं, पण परिणाम तोच. मग पुन्हा १६ ठोके रेकॉर्ड करा. चढणी ग्रिडच्या रेषेला दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या दिसल्या की काम झालं.

मग ते परत का येतं

इतकं करूनही दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, पुन्हा मागे पडतंय. माझ्या अनुभवात चारपैकी तीनदा कारण एकच: मध्येच बफर बदललेला. रेकॉर्डिंगला १२८, मग प्लगइन वाढले, कटकट आवाज येऊ लागला म्हणून १०२४, आणि त्याच १०२४ वर सिंथचा एखादा राहिलेला भाग रेकॉर्ड केला. ड्रायव्हर प्रत्येक बफरला खरं बोलत असेल तर काही बिघडत नाही. पण काही ड्रायव्हर १२८ ला खरं आणि १०२४ ला खोटं बोलतात. माझा जुना इंटरफेस तसाच होता, आणि देवीच्या गाण्यातले ते २३ मिलिसेकंद बहुतांशी तिथून आले होते. म्हणून केबलची पहिली चाचणी दोन वेगवेगळ्या बफरांवर करा. दोन्हीकडे तोच आकडा आला तर निर्धास्त राहा. वेगळा आला तर सिंथ रेकॉर्ड करायचा बफर कायमचा एकच ठरवा, आणि मिक्सिंगला बफर वाढवण्याआधी सगळे सिंथ ऑडिओत उतरवून घ्या. मी तसंही हेच करतो. मिडीच्या भरवशावर मिक्स अर्धवट ठेवणं मला पटत नाही. सिंथवरचं एक बटण हललं की तो आवाज पुन्हा मिळत नाही.

सॅम्पल रेट ४४,१०० वरून ४८,००० केला की सॅम्पलमध्ये भरलेले आकडेही चुकतात. नवीन ड्रायव्हर टाकला, विंडोजवर इंटरफेसच्या मूळ ड्रायव्हरऐवजी एखादा सर्वसाधारण एसियो ड्रायव्हर निवडला गेला, इंटरफेस थेट पोर्टऐवजी हबमध्ये लावला, तरी पुन्हा मोजायचं. आणि मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) बसलेले लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर यांच्याकडे नेहमी संशयाने बघायचं. ते पुढचं ऐकून मग काम करतात, म्हणून स्वतःच वेळ घेतात. सॉफ्टवेअर त्याची भरपाई करतं, पण लाइव्हमधलं मॉनिटरिंगच्या वेळी लेटन्सी कमी करायचं ऑप्शन किंवा लॉजिकचा लो लेटन्सी मोड चालू असेल तर ऐकू येणारं आणि ग्रिडवर दिसणारं यांची जोडी फुटते. रेकॉर्डिंग संपेपर्यंत मास्टर मोकळा ठेवा.

मी हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून सिंथच्या पाठीमागे चिकटवले आहेत: तारीख, बफर, सॅम्पल रेट, ड्रायव्हर, ६८, ८.६. कुणी म्हणालं मागे पडतंय, की आधी चिठ्ठी आणि सेटिंग जुळतात का ते बघायचं. बहुतेक वेळा तिथेच संपतं.

ठोके विखुरलेले असतील तर

१६ ठोक्यांमधला फरक दोन-एक मिलिसेकंदांच्या आत असेल तर सोडून द्या. सहा-सात असेल तर मिडीची वाट तपासा.

मिडीचा जन्म १९८३ चा. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट ६०० आणि रोलँडचा ज्युपिटर ६, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ, एका केबलने बोलले. त्यामागे खटपट करणारे सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना ३० वर्षांनी, २०१३ साली, टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तेव्हा ठरलेला वेग, सेकंदाला ३१,२५० बिट, पाच पिनांच्या केबलवर आजही तोच आहे. एका बाइटला ०.३२ मिलिसेकंद, एका सुराला तीन बाइट, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. पाच सुरांची कॉर्ड एकदम दाबली तरी शेवटचा सूर पहिल्याच्या जवळजवळ चार मिलिसेकंद मागून पोचतो. त्याच केबलवर तुम्ही फिल्टरचं ऑटोमेशन (बटणाचे आपोआप होणारे बदल), पिच बेंड, क्लॉक (लयीचे टिक) आणि चार चॅनेलचे सूर पाठवत असाल तर रांग लागणारच. बेसचा सूर ऑटोमेशनच्या गर्दीत अडकतो आणि मागे पडतो.

त्यावर दोन साध्या गोष्टी. ऑटोमेशनचे ठिपके विरळ करा. वळण कानाला तेवढंच गुळगुळीत लागतं. आणि जिथे ठोका महत्त्वाचा, तिथे एका केबलवर एकच सिंथ ठेवा. सिंथला यूएसबी असेल तर ही वेगाची अडचण जवळपास संपते, पण यूएसबी हब मध्ये आला की वेगळी डळमळ सुरू होते, म्हणून सिंथ थेट कॉम्प्युटरलाच लावा. बाजारात अगदी स्वस्तात मिळणाऱ्या, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला दोन मिडी प्लग असलेल्या बिननावाच्या केबलांचा मला वाईट अनुभव आहे. माझ्याकडच्या एका केबलवर ११ मिलिसेकंदांचा विखुरलेपणा मोजलाय. ती बदलल्यावर तोच सिंथ, तेच सॉफ्टवेअर, आणि फरक दीड मिलिसेकंदावर आला.

अर्पेजिएटर किंवा सिंथचा स्वतःचा सिक्वेन्सर (साठवलेले सूर ओळीने वाजवणारा) वापरत असाल तर तो सुरांवर नाही, क्लॉकवर चालतो: मात्रेला २४ टिक. त्याचा उशीर वरच्या मापात येत नाही. लाइव्हच्या मिडी सेटिंगमध्ये क्लॉक सिंक डिले नावाची वेगळी जागा त्यासाठीच आहे. तिथे वेगळं मोजून वेगळा आकडा भरावा लागतो. सिंथच्या पडद्यावर लय ११९.९ आणि १२०.१ मध्ये हलताना दिसली तर घाबरू नका, रेकॉर्ड झालेल्या ऑडिओवरच विश्वास ठेवा.

हाताने वाजवताना

आत्तापर्यंतचं सगळं सॉफ्टवेअर सिंथला वाजवतंय तेव्हाचं. तुम्ही स्वतः पट्ट्यांवर वाजवत असाल आणि बोटांमागून आवाज येत असेल, तर तिथे कुठलाही आकडा भरून उपयोग नाही. वाजवणाऱ्याला मागचा वेळ परत देता येत नाही. लोकल चालू करा, त्या मिडी ट्रॅकचं आउटपुट तेवढ्यापुरतं बंद करा, ऑडिओ ट्रॅकचं मॉनिटर बंद करा आणि इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून ऐका. सूर बोटाखाली येतो. ऑडिओ आणि मिडी दोन्ही रेकॉर्ड होतात. एखादा सूर चुकला तर मिडीत दुरुस्त करून सिंथकडून पुन्हा वाजवून घेता येतो, आणि तेव्हा वर भरलेला ८.६ कामाला येतो.

थोडा उशीर सहन होतो, हेही खरं. आवाज हवेत एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेला साथीदार. स्टेजवर आपण तेवढ्यावर रोज वाजवतो. म्हणून ६४ च्या बफरच्या मागे लागून कॉम्प्युटर गुदमरवू नका.

लोकलबद्दल एक कळकळीची सूचना. स्टुडिओत लोकल बंद करून सेव्ह केलेला सिंथ कार्यक्रमाला नेला तर तिथे तो मुका असतो. पडद्यावर सगळं दिसतं, पट्ट्या दाबल्या की दिवा लुकलुकतो, पण आवाज नाही. गणपतीतल्या एका कार्यक्रमात माझ्या मित्राने साउंड चेकची २० मिनिटं केबल बदलण्यात घालवली, आणि साउंडवाल्याला बोलणी खावी लागली ती वेगळीच. घरातून निघण्याआधी कॉम्प्युटरची केबल काढून एक सूर वाजवून बघा.

घरघर आणि अडकलेला सूर

यूएसबी लावली की घरघर सुरू होते, काढली की थांबते, असं असेल तर तो ग्राउंड लूप आहे. कॉम्प्युटर आणि सिंथ दोन वाटांनी जोडले गेलेत: एकदा यूएसबीने, एकदा ऑडिओ केबलने. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर खात्री झाली. यूएसबीऐवजी पाच पिनांची मिडी केबल वापरली तर प्रश्न अनेकदा तिथेच सुटतो, कारण मिडीच्या इनपुटमध्ये ऑप्टोआयसोलेटर असतो, दोन यंत्रांचं ग्राउंड त्यातून जोडलं जात नाही. ते शक्य नसेल तर सिंथच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (ग्राउंड वेगळं ठेवणारा छोटा डबा) लावा. सगळं एकाच बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीवाला धोका आहे. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या खोलीत अर्थिंगच नाही असं धरून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सूर अडकून वाजतच राहिला तर बहुतेकदा क्लिप अशा जागी कापलेली असते जिथे पेडल दाबलेलं होतं. कंट्रोल चेंज ६४ ची किंमत १२७ वरच राहिलेली असते. क्लिपच्या शेवटी ० टाका. पेडलचा काही संबंध नसेल तर कंट्रोल चेंज १२३ पाठवा, त्याने सगळे सूर सुटतात.

सगळं मोजलं, तरी मागे वाटतं

असंही होतं, आणि तेव्हा यंत्रणेला दोष देऊ नये. देवीच्या त्या गाण्याचं काम पुन्हा केलं तेव्हा बेस ग्रिडवर होता, पण स्ट्रिंगचा पॅड (मागे पसरलेले लांब सूर) अजूनही मागून येत होता. मापात तो शून्यावरच सुरू होत होता. फक्त त्याचा अटॅक लांब होता, आवाज फुलायलाच ८० मिलिसेकंद लागत होते, आणि कान सुरुवात तिथे धरतो जिथे सूर भरतो. व्हायोलिनवाले गज थोडा आधी लावतात ते याचसाठी. इथे आकड्याचा उपयोग नाही, कानाचाच आहे. काकांना पुन्हा बोलावलं, ढोलकीचा ट्रॅक चालू ठेवला आणि पॅड दोन-दोन मिलिसेकंदांनी आधी आणत गेलो. १० वर ते गप्प होते. १४ वर त्यांनी मान हलवली. पॅड उणे १४ वर ठेवला, बेस शून्यावर, आणि दोन्ही आकडे त्या गाण्याच्या नोंदीत लिहिले, चिठ्ठीवर नाही.